संगणकाचे झाकण मुलांना उघडू द्या

'ओव्हरक्लॉकिंग' हा शब्द सातारा-सांगलीच्या घरांतून फारसा परिचित नसेल. त्यामागची क्रिया मात्र या भागाला मुळीच नवी नाही. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला गव्हर्नर असतो. इंजिनाने किती फेरे घ्यावेत, याची मर्यादा तो सांभाळतो. उसाला पाणी कमी पडू लागले की त्या गव्हर्नरशी खटपट करून इंजिन अधिक पळवणारे शेतकरी, आणि ते पळत असताना धुराचा रंग, पाण्याची ऊब व आवाजातील फरक यांकडे डोळे-कान लावून बसणारे मिस्त्री कृष्णाकाठच्या दोन पिढ्यांनी पाहिले आहेत. संगणकाच्या प्रोसेसरलाही असाच एक ठेका असतो. कारखान्याने नेमून दिलेल्या ठेक्याहून तो अधिक जलद चालवणे, आणि चालवताना तो तापून बंद पडणार नाही किंवा चुकीची गणिते करू लागणार नाही याची खबरदारी घेणे, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात.

जगात याच्या रीतसर स्पर्धा होतात. 'एचडब्ल्यूबॉट' या नावाने चालणारी एक आंतरराष्ट्रीय क्रमवारी आहे. तीत मुरलेल्या खेळाडूंचे गट वेगळे, अगदी नवशिक्यांचे वेगळे. तालमीत पहिल्या महिन्याच्या पोराची जोड कोणी हिंदकेसरीशी लावत नाही. कवठेपिरानच्या मारुती मान्यांच्या जिल्ह्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. याच क्रमवारीत देशादेशांच्या संघांचा चषकही असतो, आणि तेथे एका अव्वल खेळाडूच्या बळावर संघाचे भागत नाही. अनेकांचे निकाल एकत्र धरले जातात. या दोन गोष्टी, म्हणजे नवशिक्यांचा गट आणि सांघिक निकाल, एकत्र आणून सातारा व सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयांनी आणि मोठ्या शाळांनी अशा स्पर्धा भरवाव्यात, असा विचार मांडण्यास आज पुष्कळ जागा आहे. वरकरणी हा श्रीमंत मुलांचा, गेम खेळणाऱ्यांचा छंद वाटतो. पण त्याच्या आत थोडे डोकावले तर वेगळेच चित्र दिसते.

मुळात कारखान्याने नेमलेल्या गतीहून अधिक गती प्रोसेसरमध्ये येते कोठून? सिलिकॉनच्या एकाच चकतीवर शेकडो चिप घडतात, पण त्या सगळ्या तंतोतंत सारख्या उतरत नाहीत. एकाच भट्टीतील विटांपैकी काही पक्क्या भाजतात, काही जरा कच्च्या राहतात, तसेच हे. कारखान्यात प्रत्येक चिपची परीक्षा होते, ती किती गतीपर्यंत न चुकता चालते ते पाहून तिची प्रतवारी लागते आणि तिच्यावर आकडा छापला जातो. हा आकडा छापताना कारखाना सावध असतो. चिप उन्हाळ्यात, धुळीत, स्वस्तातल्या पंख्याखाली, वर्षानुवर्षे चालली पाहिजे, हे धरून तो बरीच राखीव जागा मागे ठेवतो. कधी कधी बाजारात स्वस्त मालाची मागणी अधिक असते म्हणून चांगल्या चिपवरही लहान आकडा छापला जातो. १९९८ साली आलेला इंटेलचा सेलेरॉन ३०० ए हा प्रोसेसर याचे प्रसिद्ध उदाहरण. मदरबोर्डाचा मूळ ठेका ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला की हा ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर बहुधा ४५० मेगाहर्ट्झवर बिनतक्रार चालू लागे, आणि महागड्या भावंडांच्या बरोबरीने काम करी. त्या वेळी हे करणाऱ्या जगभरच्या तरुणांनी एका अर्थाने कारखान्याचीच परीक्षा घेतली होती.

अर्थात राखीव जागा म्हणजे फुकटचा माल नव्हे. येथे भौतिकशास्त्राचा एक साधा नियम आडवा येतो. प्रोसेसरला लागणारी वीज गतीच्या प्रमाणात वाढते, पण विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे गती दहा टक्के वाढवली आणि ती पेलवण्यासाठी व्होल्टेजही दहा टक्के वाढवावे लागले, तर उष्णता दहा-वीस टक्क्यांनी न वाढता सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. कागदावर हे गणित अकरावीचा विद्यार्थी सोडवतो आणि विसरतो. पंख्याचा आवाज वाढताना, पडद्यावरचे तापमान ७० वरून ८५ अंशांवर चढताना आणि अखेर यंत्र काळा पडदा दाखवून गप्प होताना ज्याने ते एकदा पाहिले, तो बहुधा विसरत नाही. खुद्द मोठ्या कंपन्यांनाही या नियमाने थांबवले आहे. १९७१ साली इंटेलच्या ४००४ या पहिल्या मायक्रोप्रोसेसरची गती ७४० किलोहर्ट्झ होती. तीस वर्षांत ती हजारो पटींनी वाढली. पण ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत इंटेलने २००४ साली सोडून दिला. त्यानंतर प्रोसेसरमध्ये एकाऐवजी दोन, चार, आठ गाभे बसवण्याचा मार्ग सगळ्या उद्योगाने धरला, त्यामागे प्रामुख्याने ही उष्णताच आहे.

विक्रम करणारे मात्र थंडी वाढवत पुढे जातात. २०२२ साली ९ गिगाहर्ट्झची सीमा प्रथम ओलांडली गेली, ती उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियमच्या मदतीने. नेहमीच्या मोठ्या स्पर्धांत उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन वापरतात. गंमत अशी की हा द्रव सातारा-सांगलीच्या दूधपट्ट्यात सर्वांच्या ओळखीचा आहे. कृत्रिम रेतनासाठी वळूच्या वीर्याच्या कांड्या ज्या कॅनमध्ये जपतात, त्या कॅनमध्ये हाच द्रव असतो, आणि मोटरसायकलला तो कॅन बांधून गावोगाव फिरणारे पशुवैद्यक येथे नित्य दिसतात. त्याने हात कसा भाजतो आणि बंद खोलीत तो का उघडू नये, हेही त्यांना ठाऊक असते. नवशिक्यांच्या स्पर्धेत अर्थातच त्याला पूर्ण मज्जाव हवा. पंखा, हीटसिंक आणि थर्मल पेस्ट, एवढ्यावरच ती व्हावी.

मग या स्पर्धेत चालते काय? चौघांचा संघ, एक यंत्र आणि तीन तास. एकजण बायोसमध्ये आकडे बदलतो. दुसरा तापमान आणि व्होल्टेज यांवर नजर ठेवतो. तिसरा चाचणी चालवतो. चौथा वहीत प्रत्येक बदल आणि त्याचा परिणाम वेळेसह लिहितो. दर अर्ध्या तासाने कामे बदलावीत, म्हणजे चौघांनाही चारही कामे करावी लागतात. हा अखेरचा नियम दिसायला किरकोळ वाटेल, पण तो कसोशीने पाळला गेला पाहिजे. आपल्या महाविद्यालयांतील 'ग्रुप प्रोजेक्ट' कसे होतात, हे कोणापासून लपलेले नाही. एक मुलगा सगळे करतो, दुसरा छपाईचे पैसे देतो, मुली अहवाल लिहितात आणि उरलेले नावापुरते असतात. यंत्रशाळेत पेचकस मुलाच्या हाती आणि वही मुलीच्या हाती, ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणाला खटकतही नाही. अर्ध्या तासाच्या घंटेने ती आपोआप मोडते.

ओव्हरक्लॉकिंगची आणखी एक खासियत अशी की एकाची घाई चौघांना भोवते. एकाच वेळी तीन आकडे बदलले आणि यंत्र बंद पडले, तर कोणत्या आकड्याने ते बंद पडले हे कळायला मार्ग उरत नाही. मग मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सेल काढून सगळे मूळ पदावर आणायचे आणि वहीतल्या शेवटच्या यशस्वी ओळीपासून पुन्हा आरंभ करायचा. वही नीट नसेल तर तासाभराचे काम वाया गेले म्हणून समजावे. एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलाची नोंद, ही प्रयोगविद्येची पहिली शिस्त आहे. प्रात्यक्षिकाच्या वहीत आधी उत्तर लिहून मग आकडे जुळवण्याची जी सवय आपल्या परीक्षापद्धतीने लावली आहे, तिला येथे वाव नाही. यंत्र चालते किंवा बंद पडते. परीक्षकाची भीड ते बाळगत नाही.

निकाल ठरवण्याची रीतही मोठी उद्बोधक आहे. या स्पर्धांतील एक जुनी चाचणी म्हणजे टोकियो विद्यापीठातील यासुमासा कानडा यांच्या प्रयोगशाळेतील कार्यक्रमातून पुढे आलेली 'सुपर पाय' (नाव कानडा असले तरी गृहस्थ जपानी). वर्तुळाच्या परिघाचे व्यासाशी जे गुणोत्तर, त्या पायची दहा लाख स्थळांपर्यंतची किंमत यंत्राने किती सेकंदांत काढली, ते यात मोजतात. गती ताणल्यामुळे मध्येच एखादा हिशोब चुकला तर चाचणी तेथेच थांबते. अलीकडे वापरात असलेला 'वाय-क्रंचर' हा कार्यक्रम पाय काढतो तो प्रामुख्याने चुडनोव्स्की बंधूंच्या सूत्राने. आणि त्या सूत्राचे मूळ श्रीनिवास रामानुजन यांनी १९१४ साली प्रसिद्ध केलेल्या श्रेणींत आहे. कुंभकोणमच्या गणितज्ञाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पाटीवर मांडलेल्या विचाराने आज जगातील सर्वांत वेगवान प्रोसेसर तपासले जातात. रामानुजनांच्या जयंतीला, २२ डिसेंबरला, आपल्या शाळांत गणित दिनाची भाषणे होतात. त्या दिवशी एखाद्या यंत्रावर हे सूत्र चालवून दाखवले तर भाषणांची लांबी थोडी कमी होईल, एवढाच काय तो तोटा.

या सगळ्यासाठी सातारा आणि सांगलीच का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर या मातीच्या औद्योगिक इतिहासात आहे. बेळगावला सायकलींचे दुकान चालवणारे, मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० साली औंध संस्थानात आले. आज सातारा जिल्ह्यात असलेल्या औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना आज सांगली जिल्ह्यात असलेल्या कुंडल स्थानकाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला. तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी समजूत त्या काळी शेतकऱ्यांत होती, आणि लक्ष्मणरावांचे पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. कराडजवळच्या ओगलेवाडीत काच तयार होऊ लागली आणि तिचा प्रभाकर कंदील घरोघरी पोहोचला. साताऱ्यात १९२२ मध्ये कूपर यांचा कारखाना निघाला, तेथे पुढे डिझेल इंजिने घडली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी तरुणपणी किर्लोस्करांचे नांगर विकले, ओगल्यांची काच विकली आणि कूपरच्या कारखान्याशीही त्यांचा संबंध आला. रयत शिक्षण संस्थेच्या 'कमवा आणि शिका' या योजनेत श्रमाला जे स्थान मिळाले, त्यामागे कारखान्यांचा हा सहवासही असावा. सांगलीत धोंडूमामा साठे यांच्या खटपटीने १९४७ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, तेच आजचे वालचंद. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे. म्हणजे पुण्या-मुंबईबाहेर महाराष्ट्रात यंत्राशी इतकी जुनी आणि इतकी घरगुती ओळख असलेला टापू विरळाच.

मिरजेचे उदाहरण तर याहून बोलके आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील कारागीर एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले, आणि आज मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन आहे. तंबोऱ्याची जवारी काढताना कारागीर घोडीचा पृष्ठभाग कानशीने किंचित घासतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो. थोडे अधिक घासले तर घोडी वाया. किती घासायचे हे कोठल्याही पुस्तकात लिहिलेले नसते; तार बोलू लागली की हात थांबतो. मर्यादेच्या अगदी काठाशी जाऊन थांबण्याची ही विद्या आहे, आणि प्रोसेसरचे व्होल्टेज शतांश-शतांशाने वाढवत नेणाऱ्या मुलाला तिचीच ओळख होत असते.

दुर्दैवाने संगणकशिक्षणात आपण ही परंपरा आणलीच नाही. २००१ साली राज्यात एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला आणि लक्षावधी लोक संगणकासमोर निर्भयपणे बसू लागले. हे मोठे काम झाले, यात शंका नाही. परंतु सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्राची अट आल्यावर शिक्षणाचा रोख प्रमाणपत्रावर गेला, आणि संगणक म्हणजे पडदा व कळफलक, अशी समजूत दृढ झाली. पुढे अभियांत्रिकीच्या संगणक शाखेतही फारसा फरक पडला नाही. चार वर्षांत कॅबिनेटचे झाकण एकदाही न उघडता पदवी मिळवता येते. प्रयोगशाळेतील यंत्रांना कुलूप, बायोसला पासवर्ड आणि भिंतीवर 'हात लावू नये'ची पाटी. यंत्र बिघडले की सांगलीच्या किंवा साताऱ्याच्या बाजारपेठेतला एखादा दुरुस्ती करणारा येतो, दहा मिनिटांत रॅम पुसून बसवतो आणि जातो. त्याच्याजवळ पदवी नसते; ज्ञान असते. या स्पर्धांना परीक्षक म्हणून प्राध्यापकांबरोबर अशा एखाद्या कारागिराला सन्मानाने बसवले पाहिजे. काही महाविद्यालयांना ते रुचणार नाही, आणि म्हणूनच तो आग्रह धरावा.

आक्षेप अनेक आहेत आणि त्यांतील काही खरे आहेत. मोठ्या स्पर्धांमागे मदरबोर्ड आणि रॅम विकणाऱ्या कंपन्या असतात. त्यांना जाहिरात हवी असते. वरच्या पातळीवर एकेक खेळाडू डझनावारी प्रोसेसर विकत घेऊन त्यांतून सर्वांत सरस निवडतो. तेथे कौशल्याइतकाच पैसा जिंकतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच नवशिक्यांच्या स्पर्धेत यंत्रे आयोजकांनी द्यावीत, ती एकाच जातीची असावीत आणि चिठ्ठ्या टाकून वाटावीत. ओव्हरक्लॉकिंगमुळे यंत्राची वॉरंटी जाते, हेही खरे. मुलाने घरचा एकुलता एक संगणक यासाठी वापरला तर पालकांचा संताप समजण्यासारखा आहे. घरच्या यंत्राला हात लागता कामा नये, हा नियम छापील पत्रकात पहिला असावा. आजचे प्रोसेसर प्रमाणाबाहेर तापले की स्वतःच गती कमी करतात किंवा बंद पडतात, त्यामुळे आग लागेल वगैरे भीती अवाजवी आहे. वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

यंत्रे कोणती, हा प्रश्न थोडा अडचणीचा आहे. कार्यालयांतून भंगारात निघालेले संगणक घ्यावेत, ही सूचना कोणीही करील. पण नामांकित कंपन्यांच्या अशा यंत्रांचे बायोस बंदिस्त असतात, आणि इंटेलने २०११ पासून गतीचा गुणक बहुधा 'के' अक्षराच्या प्रोसेसरपुरताच खुला ठेवला आहे. त्यापूर्वीच्या काळातली, स्थानिक दुकानदारांनी जुळवलेली यंत्रे मात्र अजून भंगारात सापडतात आणि ती या कामाला उत्तम. एएमडीच्या रायझेन मालिकेतील बहुतेक प्रोसेसर खुले आहेत, पण मदरबोर्डही ते मान्य करणारा हवा. शाळांसाठी सर्वांत सोयीचा मार्ग रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाचा आहे. त्याची चौथी आवृत्ती १.५ गिगाहर्ट्झ गतीने आली. चांगला पंखा लावला तर ती २ गिगाहर्ट्झपर्यंत नेता येते. गतीचा आकडा मेमरी कार्डावरील एका साध्या मजकुरात असतो. चुकला तर कार्ड काढून दुसऱ्या संगणकावर ती ओळ दुरुस्त करावी, काम झाले.

याच स्पर्धेला एक उलटा विभागही जोडता येईल. ठरलेले काम, ठरलेला वेळ, आणि ते सर्वांत कमी विजेत करणारा संघ पहिला. व्होल्टेज खाली आणत आणत यंत्र चुकू लागण्याच्या आधी थांबायचे. प्लगमध्ये बसवायचे वीजमापक बाजारात सहज मिळते. अमेरिकेतील महासंगणक परिषदेत २००७ पासून विद्यार्थ्यांच्या संघांची जी स्पर्धा होते, तिच्यातही ठरावीक वीजमर्यादेत अधिकाधिक गणना करून दाखवावी लागते. ज्या सातारा जिल्ह्यात कोयनेचे धरण आहे, तेथील मुलांना विजेचे मोल शिकवावे लागणे हा थोडा विनोदच. पण घरोघरी चोवीस तास चालू राहणारे संच पाहिले तर तो फारसा हसण्यासारखा नाही.

आणि हे सारे केवळ छंदापुरते राहणार नाही. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सेमीकंडक्टर उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गुजरातेत साणंद येथे आणि आसामात जागीरोड येथे चिपच्या चाचणीचे व पॅकेजिंगचे प्रकल्प हाती घेतले गेले. मोहालीच्या प्रयोगशाळेत घडलेला 'विक्रम ३२०१' हा प्रोसेसर सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधानांच्या हाती देण्यात आला. चाचणीच्या कारखान्यात काम करणारा अभियंता दिवसभर करतो काय? ही चिप या व्होल्टेजवर, या तापमानाला, या गतीने न चुकता चालते का, हेच तो तपासतो आणि तिची प्रतवारी लावतो. चौघांच्या संघात तीन तास बसून, दर बदल वहीत लिहून, कराडचा किंवा इस्लामपूरचा विद्यार्थी हेच काम लहान प्रमाणावर करील. हिंजवडीला जाऊन दुसऱ्याने लिहिलेल्या आज्ञावलीतील चुका दुरुस्त करणे एवढीच वाट त्याच्यापुढे आज ठळक दिसते. तीत गैर काही नाही, परंतु दुसरी वाट आहे हे त्याला शिक्षण चालू असतानाच दिसले पाहिजे.

वेळापत्रकाविषयी एक व्यावहारिक सूचना. पंख्याने प्रोसेसर खोलीतल्या हवेपेक्षा थंड करता येत नाही. म्हणून जानेवारीत महाबळेश्वरला मिळालेला निकाल आणि मे महिन्यात सांगलीला मिळालेला निकाल यांची तुलना होऊ शकणार नाही. दोन्ही जिल्ह्यांच्या प्राथमिक फेऱ्या एकाच आठवड्यात घ्याव्यात, प्रत्येक खोलीत तापमापक टांगावा आणि त्याचा आकडा निकालपत्रकात छापावा. अंतिम फेरी कराडला ठेवली तर दोन्हीकडच्या मुलांना एस.टी.ने सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल. गुणांपैकी निम्मे गतीला आणि निम्मे वहीला असावेत. आणि स्पर्धा संपल्यावर त्या वह्या पुढच्या वर्षीच्या संघांना वाचण्यासाठी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवाव्यात.